कळा होत्या, तरी बाळंतपण अडलं कशानं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई २६ वर्षांच्या, पहिलटकरीण. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रात्री ११ वाजता कळा सुरू झाल्या. पहाटे ५ ला दवाखान्यात गेलो तेव्हा पिशवीचं तोंड ३ सेंटिमीटर उघडलं होतं. दुपारी १ ला ७ झालं. मग पाणमोट फोडली आणि सलाईनमधून कळा वाढवायचं औषध लावलं. संध्याकाळी साडेपाचला तपासलं तर पुन्हा ७ च. बाळाचे ठोके चांगले होते, तरी सिझर केलं. ३ किलो १०० ग्रॅमची मुलगी झाली, दोघी सुखरूप आहोत. कार्डावर ‘एनपीओएल, ओपी’ असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात, नवव्या महिन्यात बसून राहिलीस म्हणून अडलीस. नवरा म्हणतो, १८ तास कशाला थांबले, सकाळीच करायचं होतं. भाऊ म्हणतो, पैशासाठी केलं. यातलं खरं काय? आणि पुढचं बाळंतपण नॉर्मल होईल का?

ताई, आधी कार्डावरची अक्षरं सोडवू. एनपीओएल म्हणजे ‘नॉन-प्रोग्रेस ऑफ लेबर’: कळा चालू असूनही बाळंतपण पुढं सरकलं नाही. हे कारण नव्हे, नुसतं निरीक्षण आहे. कार्डावर ‘ताप’ लिहिलं म्हणजे ताप कशानं आला ते कळत नाही, तसंच हे. तुमचं कारण त्यापुढच्या दोन अक्षरांत आहे, ओपी. त्याकडे येतेच. पण नवऱ्याचा प्रश्न आधी घेते, कारण बहुतेक घरांत भांडण तासांवरूनच होतं.

रात्री ११ पासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत साडेअठरा तास झाले हे खरं. पण आम्ही तास असे मोजत नाही. पहिल्या खेपेला पिशवीचं तोंड आधी मऊ होतं, पातळ होतं, मागून पुढं येतं आणि मग उघडायला लागतं. या सुरुवातीच्या टप्प्यात कळा येतात, दुखतं, झोप उडते, पण सेंटिमीटर फारसे वाढत नाहीत. हा टप्पा कितीही तास चालू शकतो आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की खरी धावपळीची अवस्था ५ सेंटिमीटरपासून धरायची. तिथून पुढं पहिलटकरणीला साधारण १२ तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेलीला १० तासांपर्यंत लागू शकतात. तुम्ही ३ सेंटिमीटरवर आलात, म्हणजे रात्रीचा सगळा वेळ आणि सकाळचाही काही भाग तयारीचा होता. सकाळीच सिझर करायला कुठलंही कारण नव्हतं. उलट पहाटे ३ सेंटिमीटरवर ‘अडलंय’ म्हणून कुणी पोट उघडलं असतं, तर भावाच्या शंकेत मला तथ्य वाटलं असतं.

हे सेंटिमीटरचं गणित आलं कुठून, तेही सांगते, कारण त्याच्यावरूनच कित्येक बायकांची सिझर झाली आणि कित्येकींची टळली. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी ५०० पहिलटकरणींची बाळंतपणं कागदावर आलेख काढून दाखवली. त्यावरून ‘तासाला १ सेंटिमीटर’ हा हिशेब जगभर रूढ झाला. १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्याच आलेखावर दोन तिरप्या रेघा मारल्या. बाई पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली की खेड्यातल्या नर्सनं गाडी बोलवायची, आणि त्यानंतर ४ तासांवरच्या दुसऱ्या रेघेपर्यंत मोठ्या दवाखान्यात काहीतरी ठरलं पाहिजे. हाच पार्टोग्राम. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटातल्या उपकेंद्रासाठी याहून कामाचं साधन मला माहीत नाही: एक कागद, एक पेन, आणि तपासणारे हात. पुढं २०१० मध्ये झँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६२ हजारांवर बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यात दिसलं की ६ सेंटिमीटरच्या आधी बाळंतपण फ्रीडमनच्या हिशेबापेक्षा बरंच सावकाश चालतं. ४ चे ५ व्हायलाच ६ तासांहून जास्त लागू शकतात, आणि तरी बाई नॉर्मल बाळंत होते. म्हणून आता तासाला सेंटिमीटरचा हट्ट सुटलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नव्या तक्त्यात प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत आहे. ५ वर ६ तास थांबलं तर सावध व्हायचं, ७ वर ३ तास, ९ वर २ तास.

तुम्ही ७ वर साडेचार तास होतात. पाणमोट फुटलेली, औषधानं कळा चांगल्या केलेल्या, आणि तोंड जिथं होतं तिथंच. एकूण तासांचा प्रश्नच इथं येत नाही. चांगल्या कळा ४ तास येऊन तोंड हललं नाही, तर बाळंतपण थांबलंय असंच धरतात. मी तिथं असते तर मीही तेच केलं असतं.

आता ते थांबतं कशानं. आमच्याकडे शिकवताना तीन गोष्टी सांगतात: ढकलणारा जोर, येणारं बाळ, आणि वाट. पुस्तकात तिन्ही सुट्या असतात. प्रत्यक्षात बाळाचं डोकं नीट बसलं नाही की पिशवीच्या तोंडावर दाब पडत नाही, दाब नाही म्हणून कळा मंदावतात, आणि कळा मंद म्हणून डोकं वळत नाही. बाहेरून फक्त ‘कळा कमी पडल्या’ एवढंच दिसतं.

कळांपासून सुरू करू. चांगल्या कळा म्हणजे १० मिनिटांत ३ ते ५, आणि प्रत्येक ४० ते ६० सेकंद टिकणारी. हे पोटावर हात ठेवूनच कळतं. पट्टा लावून यंत्रावर निघणारा आलेख वेळ दाखवतो, जोर दाखवत नाही. कळ शिगेला असताना बोट पोटात रुतत नसेल तर ती खरी कळ. पहिलटकरणीत बाळंतपण रेंगाळायचं सगळ्यांत सामान्य कारण म्हणजे अशा कळा न येणं. आणि त्याचे अर्धे उपाय औषधाच्या कपाटाबाहेर असतात. मूत्राशय भरलेलं असेल तर डोकं खाली येत नाही, म्हणून दर दोन तासांनी लघवीला पाठवायचं. बाई रात्रभर उपाशी असेल तर तिला पेज, सरबत, चहा-बिस्किट द्यायचं. काही दवाखान्यांत ‘सिझर लागलं तर’ म्हणून घोटभर पाणीही देत नाहीत. धोका नसलेल्या बाईला बाळंतपणात खायला-प्यायला द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. पाठीवर आडवं पडून राहण्यापेक्षा उभं राहणं, चालणं, ओणवं होणं यानं पहिला टप्पा सरासरी तासाभरानं तरी कमी होतो. आणि जवळ ओळखीचं माणूस हवं. आई, बहीण, जाऊ, कुणीही. घाबरलेल्या बाईच्या कळा विस्कटतात हे कुठलीही जुनी सुईण सांगेल, आणि आता मोठ्या अभ्यासांतही तेच निघालंय: सतत सोबत असलेल्या बायकांची बाळंतपणं आखूड होतात, सिझरही कमी लागतात. खोलीत जागा नाही म्हणून आईला बाहेरच्या बाकड्यावर बसवणं मला कधीच पटलेलं नाही.

एवढं करून भागलं नाही तर पाणमोट फोडतात आणि ऑक्सिटोसिन लावतात. हेच ते ‘कळांचं सलाईन’. शरीरात मुळात तयार होणाराच हा पदार्थ. व्हिन्सेंट द्यू विग्नो यांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. सलाईनमधून तो थेंबाथेंबानं देतात, अगदी थोड्यापासून सुरू करून साधारण अर्ध्या तासानं वाढवत नेतात. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा आल्या किंवा बाळाचे ठोके पडले तर नळी बंद करायची, काही मिनिटांत जोर उतरतो. सगळी सुरक्षितता या ‘बंद करता येणं’ यातच आहे.

म्हणूनच गावाकडच्या ‘कळांच्या सुई’बद्दल इथं थांबून बोलायला हवं. तेच औषध दंडात किंवा कमरेत टोचलं की ते परत काढता येत नाही. घरी, किंवा अर्धवट शिकलेल्याच्या खोलीत, ‘लवकर मोकळी कर’ म्हणून घरचेच आग्रह धरतात आणि सुई दिली जाते. बाळाच्या जन्मानंतर रक्तस्राव रोखायला १० युनिटची हीच सुई आम्ही प्रत्येकीला देतो, ती जीव वाचवते. तीच बाळाच्या आधी दिली तर पिशवी एकदा आवळते ती सुटतच नाही. वाटेत खरंच अडथळा असेल तर बाळ गुदमरतं किंवा पिशवी फाटते.

रात्री उशिरा जीपमधून आणलेल्या अशा एका बाईची गोष्ट सांगते. तिसरं बाळंतपण, आधीची दोन घरीच झालेली, ‘हिचं काय, तासात होईल’ म्हणून सगळे निवांत. दुपारी कुणीतरी सुई दिलेली. ओठ सुकून पापुद्रे आलेले, नाडी १३० च्या घरात, आणि पोटावर बेंबी आणि ओटीपोटाच्या मधोमध एक तिरपी खाच, डोळ्यांना दिसणारी. खाचेच्या वर पिशवी दगडासारखी घट्ट, खाली ताणून पातळ झालेली आणि हात लावला की ती कळवळायची. नळी घातली तर लघवी लालसर. बाळ आडवं होतं. ही खाच म्हणजे पिशवी फाटायच्या आधीची शेवटची सूचना. तिला त्याच तासात टेबलावर घेतलं म्हणून ती वाचली. त्यानंतर लघवीची नळी दोन आठवडे ठेवली, कारण डोकं किंवा खांदा तासन्‌तास एकाच जागी दाबून राहिला की मूत्राशयाचा तेवढा भाग सडतो आणि नंतर लघवी सतत झिरपत राहते. अशा बाईला मग घरात कुणी जवळ करत नाही.

यातली एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण ती पक्की आहे. पहिलटकरणीची पिशवी अडथळा आला की थकते, कळा मंदावतात, आणि त्यामुळेच वेळ मिळतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेची पिशवी थकत नाही. ती ढकलतच राहते, फाटेपर्यंत. पहिलीच्या वेळी सगळं घर दवाखान्यात आणि चौथीच्या वेळी फक्त शेजारीण, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे.

आता बाळाकडे येऊ, म्हणजे तुमच्या ‘ओपी’कडे. बाळ डोक्याकडून येतं तेव्हा हनुवटी छातीला टेकवून, तोंड आईच्या पाठीकडे करून येतं. असं आलं की डोक्याचा सगळ्यांत लहान घेर पुढं येतो, साधारण साडेनऊ सेंटिमीटर रुंदीचा. ओपी म्हणजे ‘ऑक्सिपिटो-पोस्टिरिअर’. यात बाळाचा मागचा माथा आईच्या पाठीच्या कण्याकडे आणि तोंड वर, पोटाकडे. हनुवटी नीट टेकत नाही, डोकं थोडं सरळ राहतं आणि तीच रुंदी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास जाते. बाळ तेवढंच, वाट तेवढीच, पण दोन सेंटिमीटरनं गणित बिघडतं. डोकं आणखी मागं कलून कपाळ पुढं आलं तर साडेतेरा, आणि मग पूर्ण दिवसांचं बाळ त्या वाटेनं येऊच शकत नाही.

हे आम्हाला बोटांनी कळतं. आतून तपासताना कवटीच्या शिवणी लागतात. मागची टाळू लहान, त्रिकोणी. पुढची मोठी, चौकोनी. पुढची मोठी टाळू समोरच हाताला लागली की समजायचं, बाळ आकाशाकडे तोंड करून आहे. अशा बायकांची कंबर भयंकर दुखते. काहींना तोंड पूर्ण उघडायच्या आधीच जोर लावावासा वाटतो. तेव्हा ‘लाव जोर’ म्हणून ओरडणारे तिचं नुकसानच करतात, कारण अर्धवट उघडलेलं तोंड डोक्याखाली चेंगरून सुजतं. बहुतेक बाळं कळांच्या जोरावर स्वतःच वळतात. ओणवं होऊन किंवा कुशीवर झोपून काहींना आराम पडतो. तोंड पूर्ण उघडल्यावर हातानं डोकं वळवताही येतं. पण ७ सेंटिमीटरवर डोकं वरच अडकलेलं असेल, कवटीची हाडं एकमेकांवर चढायला लागली असतील आणि डोक्यावर सूज वाढत असेल, तर वाट पाहण्यात काही राम नसतो. ती सूज भल्याभल्यांना फसवते. तपासणारीला वाटतं डोकं खाली आलं, प्रत्यक्षात सूजच खाली आलेली असते. म्हणून पोटावरूनही पाहायचं: डोक्याचे पाचपैकी किती भाग अजून वर हाताला लागतात.

बाळ पायाळू असणं, आडवं असणं, डोक्याबरोबर हात पुढं येणं या गोष्टी आपल्याकडे फार पूर्वी नोंदवलेल्या आहेत. सुश्रुतानं ‘मूढगर्भ’ असं नाव देऊन कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे चार प्रकार सांगितलेत. परिघ म्हणजे दाराला आडवा अडसर घालावा तसं आडवं बसलेलं बाळ. हातासह डोकं येतं तो बीजक. निदान चोख आहे. पण आईला वाचवायला तेव्हा बहुतेकदा बाळाचा बळी द्यावा लागे. आज आडव्या बाळाचा हात बाहेर आलेला दिसला तर त्याला ओढायचं नाही, लगेच सिझर. पायाळू बाळ मात्र ३६–३७ आठवड्यांनंतर पोटावरून हळूहळू फिरवून बघता येतं, साधारण निम्म्या वेळा जमतं. ते सिझरची सोय असलेल्या जागीच करायचं, आणि पोट चोळून बाळ ‘बसवणाऱ्या’ बाईकडून मुळीच नाही.

बाळ मोठं असण्याचं नेहमीचं कारण गरोदरपणातली साखर. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त आली तर लक्ष द्यावं लागतं. साखरेच्या बाळाचं वजन खांद्यांवर साठतं. डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकून परत आत ओढलं जातं. तेव्हा हातात मोजकी मिनिटं असतात. मान ओढायची नाही. आईच्या मांड्या तिच्या पोटावर पूर्ण दुमडायच्या आणि ओटीपोटावर, हाडाच्या अगदी वर, बाळाचा खांदा बाजूला सरकेल असा दाब द्यायचा. बहुतेक खांदे एवढ्यानं सुटतात.

हा दाब आणि वरून पोटावर चढून दिलेला दाब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाळ खाली ढकलायला कुणी कोपरानं पोट दाबत असेल, तर ‘नको’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. त्यानं पिशवी फाटू शकते आणि फायदा काही सिद्ध झालेला नाही. तरी हे अजून सर्रास चालतं.

वाट म्हणजे कमरेची हाडं. उंची १४० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, लहानपणी मुडदूस किंवा पोलिओ झाला असेल, अपघातात कंबर मोडली असेल, किंवा वयच सोळा-सतरा असेल, तर सावध राहायचं आणि बाळंतपण सिझरची सोय असलेल्या ठिकाणीच करायचं. पण ‘तुमची कंबर लहान आहे, नॉर्मल होणार नाही’ असं आठव्या महिन्यात नुसतं बघून किंवा सोनोग्राफीवरून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. कळांत सांधे सैलावतात, बाळाची कवटी दबते, डोकं वळतं. बाळ या वाटेनं येतं की नाही हे बहुतेक वेळा कळा येऊ दिल्यावरच कळतं. साडेचार फुटांच्या बायका तीन किलोची बाळं सहज जन्माला घालतात आणि साडेपाच फुटांच्या अडतात.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर यायला पहिल्या खेपेला ३ तास, पुढच्या खेपांना २ तासांपर्यंत लागू शकतात, बाळाचे ठोके नीट असतील तर. इथं अडलं आणि डोकं पुरेसं खाली असेल, तर व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून सिझर टाळता येतं. लोक चिमट्याला घाबरतात. योग्य जागी, योग्य हाताला तो अजूनही उत्तम आहे. अडचण अशी की तो लावायला शिकलेले हातच कमी होत चाललेत. व्हॅक्यूमला साधारण तीन ओढींत बाळ येताना दिसलं पाहिजे, नाहीतर सोडून द्यायचं. आणि डोकं वर असताना दोन्हींतलं काहीही लावायचं नाही.

फार उशिरा आलेल्या बाईचं सिझर हे सोपं ऑपरेशन नव्हे. डोकं खाली हाडांत घट्ट रुतलेलं असतं आणि पिशवीचा खालचा भाग कागदासारखा पातळ झालेला असतो. अशा वेळी डोकं वर ओढत बसण्याऐवजी आधी खांदे, मग धड, मग पाय आणि शेवटी डोकं काढायची रीत १९५७ मध्ये पटवर्धन आणि मोटाशॉ या भारतीय डॉक्टरांनी मांडली. पटवर्धन पद्धत म्हणूनच ती ओळखली जाते, आणि तिनं माझ्यासह कित्येकांना रात्री-अपरात्री हात दिलाय. लांबलेल्या बाळंतपणानंतर पिशवी दमलेली असते, वार पडल्यावर ती आवळत नाही आणि रक्त वाहतं. म्हणून अडलेलीला पाठवताना ‘रक्ताची सोय आहे ना’ हे आधी विचारायचं.

आता भावाच्या शंकेबद्दल. ती हवेतून आलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत १४.३ टक्के. गुंतागुंतीच्या बायका खासगीत जास्त जातात असं म्हणून एवढी तफावत सुटत नाही. पण आकडे सगळ्यांचे असतात, निर्णय एकीचा असतो. तुमचा निर्णय तपासायचा तर केसपेपर मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यात पार्टोग्राम आहे का, दर वेळी किती सेंटिमीटर होतं, डोकं किती वर होतं, १० मिनिटांत किती कळा होत्या, औषध किती वाजता सुरू झालं, हे पाहा. तुम्ही दिलेल्या वेळा तिथं तशाच नोंदलेल्या असतील, तर भावाला शांत करायला तो कागद पुरे. पार्टोग्रामच नसेल किंवा सगळा एका शाईत, एका बैठकीत भरलेला दिसला, तर विचारायला जागा आहे.

सासूबाईंचं म्हणणं राहिलं. नवव्या महिन्यात चालणं-फिरणं चांगलंच, त्यानं साखर आणि वजन आटोक्यात राहतं, दम टिकतो. पण बसून राहिल्यानं बाळ तोंड वर करत नाही, आणि फरशी पुसल्यानं ते खाली करतही नाही. नवव्या महिन्यात तूप प्यायल्यानं वाट गुळगुळीत होत नाही, फक्त वजन वाढतं. एरंडेल देऊन कळा आणायचा प्रयत्न तर करूच नका, जुलाब होऊन बाई आधीच गळून जाते. तुम्ही काही कमी केलं म्हणून अडलं नाही.

पुढच्या वेळेचं. ओपी दर खेपेला येतंच असं नाही. तुमची हाडं लहान ठरलेली नाहीत. तुम्ही स्वतःच्या कळांवर ७ पर्यंत गेला होतात, ही जमेची बाजू. बाळंतपण अडल्यामुळे पहिलं सिझर झालेल्या बायकांपैकी साठ टक्क्यांहून थोड्या जास्त पुढच्या वेळी प्रयत्न करून नॉर्मल बाळंत होतात. जुना टाका उसवायचा धोका साधारण दोनशेत एक. तो लहान आहे, पण घडला तर मिनिटांत घडतो. म्हणून प्रयत्न करायचा तो चोवीस तास ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त असलेल्या ठिकाणीच. कळा आणायला मिसोप्रोस्टॉलची गोळी चालणार नाही, हे तुम्हीच आधी सांगा. दिवस राहायच्या आधी दीड-दोन वर्षं तरी जाऊ द्या. दिवस राहिल्यावर सोनोग्राफीत वार जुन्या टाक्यावर तर बसलेली नाही ना, हे आवर्जून बघायला सांगा. तशी असेल तर मोठ्या रुग्णालयातच नाव घाला. सरकारी केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं ‘आधीचं सिझर’ अशी जोखमीची नोंद करून घ्या.

आणि आताचं ते कार्ड लॅमिनेट करू नका, घडी न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढच्या डॉक्टरांना त्याच्या मागं लिहायचं असतं. त्यात पिशवीवरची चीर आडवी होती की उभी हे लिहिलंय का तेवढं आज पाहा. नसेल तर त्याच दवाखान्यातून लिहून आणा, कारण चीर उभी असेल तर पुढचं बाळंतपण सिझरच.